ओसरीवरील यंत्रशाळा

धातु कापणाऱ्या यंत्रांच्या कुटुंबांत लेथाला आईचा मान देण्यांत येतो. कारण असें सांगतात कीं, आपल्यासारखेंच दुसरें यंत्र निर्माण करण्याची शक्ति या एकाच यंत्रांत आहे. या म्हणण्यांत थोडी अतिशयोक्ति आहे. लेथापासून लेथ आपोआप जन्मास येत नाहीं. मध्यें माणसाचा हात, त्याची कानस, त्याचा डोळा आणि त्याचा धीर हीं लागतातच. परंतु अतिशयोक्ति वगळली तरी एक गोष्ट खरी उरते. ज्या घरांत एक चांगला लेथ आहे, त्या घरांतील माणूस दुसऱ्यानें केलेल्या वस्तु नुसता विकत घेणारा राहत नाहीं. वस्तु कशी होते हें जाणणारा, आणि म्हणूनच ती मोडली असतां सुधारणारा, असा तो होतो. इंग्लंडांत अशा घरगुती यंत्रशाळांची एक मोठी परंपरा निर्माण झाली. आपल्या सुशिक्षित वर्गांत ती निर्माण झाली नाहीं. तिकडे ती कशी घडली आणि इकडे कां घडली नाहीं, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

लेथ मूळचा लांकडाचा, आणि लांकडासाठींच. सावंतवाडीचीं रंगीत खेळणीं ज्यांनीं लहानपणीं हाताळलीं आहेत, त्यांना कातारी लोकांच्या कामाची कल्पना असेल. जुन्या पद्धतींत दोन टोकांमध्यें लांकडाचा तुकडा अडकवावयाचा, त्याभोवतीं दोरीचा वेढा द्यावयाचा, दोरी आळीपाळीनें दोन्ही बाजूंस ओढून तुकडा गरगर फिरवावयाचा, आणि फिरत्या लांकडावर पटाशी धरून त्याला आकार द्यावयाचा. युरोपांतील जुना कातारी हेंच काम पायानें करी. डोक्यावर एक लवचिक काठी, खालीं पावटी, आणि मध्यें लांकडाला वेढलेली दोरी. पण दोहोंकडे उणीव एकच होती. तुकडा एकदां पुढें फिरे व एकदां मागें. अर्धी फेरी फुकट जाई. शिवाय हत्यार हातांत धरलेलें असे. लांकूड मऊ असल्यामुळें हें चालून जाई. लोखंडापुढें मात्र हाताचें बळ पुरें पडत नसे. हात थरथरे, आणि ती थरथर कामावर उमटे.

युरोपांत हें यंत्र हौसेखातर घरांत शिरलें तें प्रथम राजांच्या घरांत. बादशहा पहिला मॅक्सिमिलियन याच्यासाठीं सोळाव्या शतकाच्या आरंभीं केलेला एक नक्षीदार लेथ अजून जपून ठेवलेला आहे. रशियाचा पीटर दि ग्रेट याला कातकामाचा इतका नाद होता कीं, त्यानें राजवाड्यांतच कातशाळा थाटली. आंद्रेइ नार्तोव नांवाचा मोठा कुशल यंत्रकार त्याच्या पदरीं होता, आणि त्यानें केलेले कांहीं लेथ आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयांत आहेत. फ्रान्सच्या सोळाव्या लुईला कुलुपें करण्याचा छंद होता. राजांमागून सरदार आले, आणि सरदारांमागून धनिक. स्ट्रासबुर्गहून लंडनास येऊन स्थायिक झालेल्या जॉन जेकब होल्टझाप्फेल यानें १७९५ पासून अशा हौशी मंडळींसाठीं लेथ विकण्यास आरंभ केला. त्याच्या घराण्याचे लेथ हस्तिदंतावर आणि कठीण लांकडावर इतकी नाजूक नक्षी कोरीत कीं, ती पाहणाऱ्यास भूमितीचें स्वप्न पडल्यासारखें वाटावें. १८३८ मध्यें त्यांनीं विकलेल्या एका लेथाची किंमत १५०० पौंड होती. त्या काळीं चांगल्या कारागिराला आठवड्यास दीड-दोन पौंड मिळत. म्हणजे एका श्रीमंताच्या करमणुकीचें मोल कारागिराच्या पंधरा-वीस वर्षांच्या मजुरीइतकें होतें. घरगुती यंत्रशाळेच्या इतिहासाचा पहिला अध्याय असा चैनीचा आहे. तो चैनीपाशींच संपला असता, तर आज त्याची आठवण ठेवण्याचें कारण नव्हतें.

दुसरा अध्याय एका गरिबाच्या मुलापासून सुरू होतो. हेन्री मॉड्स्ले याचा जन्म १७७१ सालीं वुलिच येथें झाला. बाराव्या वर्षीं तो तेथील सरकारी शस्त्रागारांत काडतुसें भरण्याच्या कामावर लागला. पुढें तेथल्याच लोहारकामांत त्याचा हात बसला. अठराव्या वर्षीं लंडनचा प्रसिद्ध कुलूपकार जोसेफ ब्रामा यानें त्याला आपल्याकडे घेतलें. ब्रामाचें कुलूप असें अवघड होतें कीं, तें उघडून दाखविणाऱ्यास त्यानें २०० गिनींचें बक्षीस लावलें होतें, आणि १८५१ पर्यंत तें कोणासहि जिंकतां आलें नाहीं. पण कुलूप जितकें सूक्ष्म, तितकें तें हातानें करणें कठीण. तें यंत्रानें करण्याचीं साधनें मॉड्स्लेनें उभीं केलीं. कारखान्याचा सारा भार त्याच्यावर आला. घरीं बायकामुलें होतीं आणि पगार आठवड्यास ३० शिलिंग होता. त्यानें वाढ मागितली. मालकानें ती झिडकारली. तेव्हां १७९७ मध्यें मॉड्स्ले बाहेर पडला, आणि लंडनमधील वेल्स स्ट्रीटवर एक लहानशी जागा घेऊन त्यानें स्वतःचें काम सुरू केलें. मालकानें चार शिलिंग वांचविले, आणि आपल्या कारखान्यांतील सर्वांत मोलाचें यंत्र गमावलें.

मॉड्स्लेच्या हातून जें घडलें तें थोडक्यांत असें. हत्यार हातांत न धरतां एका सरकत्या लोखंडी टेकूंत घट्ट बसवावयाचें. तो टेकू सपाट व सरळ अशा धातूच्या बैठकीवरून चालवावयाचा. आणि त्याला चालविणारा एक लांब, अचूक आट्यांचा स्क्रू फिरत्या कामाशीं दंतचक्रांनीं जोडून द्यावयाचा. म्हणजे काम एक फेरी फिरलें कीं हत्यार ठराविकच अंतर पुढें जाणार. दंतचक्रें बदललीं कीं तें अंतर बदलणार, आणि एकाच मूळ स्क्रूवरून हव्या त्या आट्यांचे स्क्रू कापतां येणार. यांतील प्रत्येक कल्पना त्याचीच होती असें नव्हे. सरकता टेकू पूर्वीं ठाऊक होता; जेसी रॅम्सडेन यानें अचूक स्क्रू कापण्याचें यंत्र त्याच्या वीस वर्षें आधीं केलें होतें. परंतु हीं सर्व अंगें एकत्र आणून, तीं संपूर्ण धातूचीं करून, रोजच्या कामास टिकेल असें यंत्र उभें करणें हें मॉड्स्लेचें कर्तृत्व होय. १८०० च्या सुमाराचा त्याचा एक लेथ लंडनच्या सायन्स म्यूझियममध्यें आहे. आकारानें तो लहान आहे. एखाद्या ओसरीच्या कोपऱ्यांत सहज मावेल.

या अचूकतेचे दोन परिणाम झाले, आणि प्रामाणिक इतिहासकारानें दोन्ही सांगितले पाहिजेत. पोर्टस्मथ येथील आरमारी गोदींत जहाजांच्या दोरखंडांसाठीं लांकडी कप्प्या लागत. मार्क ब्रुनेल यानें त्या करण्याच्या यंत्रांची योजना आंखली आणि मॉड्स्लेनें तीं घडविलीं. १८०८ सालीं तेथें एका वर्षांत १,३०,००० कप्प्या तयार झाल्या. आणि पूर्वीं ११० कुशल कारागीर जें काम करीत, तें आतां १० साध्या मजुरांच्या हातून होऊं लागलें. म्हणजे यंत्र करणाऱ्याच्या अंगीं जें कौशल्य होतें तें यंत्रांत उतरलें, आणि यंत्र चालविणाऱ्याच्या अंगीं कौशल्य असण्याची गरज उरली नाहीं. पुढील शतकाच्या पुष्कळ दुःखांचें मूळ या एका वाक्यांत आहे.

यंत्र आणि कौशल्य यांचा मालक कोण, हा प्रश्न लवकरच उघड्यावर आला. मॉड्स्लेच्या हाताखालीं तयार झालेला जोसेफ क्लेमेंट हा पुढें चार्ल्स बॅबेज याच्या गणनयंत्राचे भाग करीत होता. या कामासाठीं इंग्लंडच्या सरकारनें अखेरपर्यंत १७,००० पौंडांहून अधिक खर्च केला. १८३३ मध्यें दोघांचें बिनसलें व काम थांबलें. तेव्हां असें दिसून आलें कीं, सरकारच्या पैशानें केलेलीं खास हत्यारें व अवजारें त्या काळच्या रूढीप्रमाणें कारागिराच्या मालकीचीं आहेत. बॅबेजच्या चाहत्यांनीं क्लेमेंटला पुष्कळ दोष दिला आहे. मला मात्र त्या रूढींत एक शहाणपण दिसतें. हत्यार ज्यानें घडविलें, आणि ज्याच्या हातांतच तें खरोखर उपयोगी, त्याचें तें असावें, या समजुतीवरच कारागिराचा मान उभा होता. बॅबेजनें पुढें आंखलेल्या दुसऱ्या गणनयंत्राचा गणनाचा भाग सायन्स म्यूझियमनें १९९१ मध्यें प्रत्यक्ष उभा केला, आणि त्याचें गणित चुकलें नव्हतें हें सिद्ध झालें.

मॉड्स्लेचा सर्वांत कीर्तिमान शिष्य जोसेफ व्हिटवर्थ. त्यानें १८४१ मध्यें सुचविलेलें ५५ अंशांच्या आट्यांचें प्रमाण इंग्लंडभर पसरलें, आणि इंग्रजी यंत्रांबरोबर आपल्याकडेहि आलें. परंतु त्याचें जें काम घरगुती कारागिराला अधिक जवळचें वाटतें तें सपाटपणाचें. संपूर्ण सपाट असा लोखंडी पाटा करावयाचा कसा? तो तपासण्यासाठीं दुसरा सपाट पाटा पाहिजे. मग तो पहिला आला कोठून? दोन पाटे एकमेकांवर घासले तर ते एकमेकांशीं जुळतील खरे, पण एक किंचित् फुगीर आणि दुसरा तितकाच खोलगट असला तरीहि ते जुळतील. म्हणून पाटे तीन घ्यावयाचे. एकावर निळा रंग अगदीं पातळ फासून दुसरा त्यावर टेकवावयाचा. जेथें रंग लागला तो उंचवटा समजून खरवडणीनें तेवढाच उतरवावयाचा. पहिला दुसऱ्याशीं, दुसरा तिसऱ्याशीं, तिसरा पहिल्याशीं, असें आळीपाळीनें जुळवीत गेलें, कीं तिघांनाहि एकमेकांशीं जुळण्याचा एकच मार्ग उरतो, आणि तो म्हणजे तिघांनींहि सपाट होणें. ही रीत मॉड्स्लेच्या कारखान्यांत सुरू झालेली होती. व्हिटवर्थनें घासणें सोडून खरवडणें हेंच खरें साधन होय असें १८४० मध्यें जाहीरपणें मांडलें. येथें कोणतेंहि मोठें यंत्र लागत नाहीं, कोणत्याहि राजाची देणगी लागत नाहीं. तीन बिडाचे तुकडे, एक खरवडणी, थोडा रंग आणि पुष्कळ संध्याकाळी एवढें भांडवल पुरतें. सत्य शोधण्याची इतकी स्वस्त आणि इतकी निर्दोष पद्धति दुसऱ्या शास्त्रांत क्वचितच आढळेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हें ज्ञान इंग्लंडच्या मध्यम वर्गाच्या घरांत शिरलें. जानेवारी १८९८ मध्यें पर्सिव्हल मार्शल यानें ‘मॉडेल एंजिनिअर’ हें नियतकालिक सुरू केलें. त्याच वर्षीं लंडनमध्यें या हौशी मंडळींची संस्थाहि स्थापन झाली. वाचक कोण, तर कारकून, शाळामास्तर, दुकानदार, डॉक्टर, पाद्री. दिवसभर लेखणी चालवावयाची, आणि रात्रीं परसांतल्या खोपटांत पायानें लेथ चालवून वाफेचें एक इवलेंसें एंजिन तयार करावयाचें. गिल्डफर्ड येथें १९०२ मध्यें सुरू झालेल्या ड्रमंड बंधूंच्या कारखान्यानें अशा लोकांस परवडतील असे लहान लेथ केले. त्यांतील एका नमुन्यांत तर सपाट बैठकीऐवजीं एक जाड गोल दांडाच वापरला होता, कारण गोल दांडा करणें स्वस्त पडे. अमेरिकेंत साउथ बेंड गांवच्या कारखान्यानें लेथ चालविण्याची पद्धत शिकविणारें एक छोटें पुस्तक काढलें, आणि त्याच्या आवृत्तीवर आवृत्ती निघत गेल्या. १९३४ मध्यें नॉटिंगहॅमजवळ बीस्टन येथें सेसिल मूर यानें मायफर्ड कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच त्यानें बाजारांत आणलेला ‘एम्. एल्. ७’ हा लेथ इंग्लंडांतील घरगुती यंत्रशाळेचें जणूं दैवतच होऊन बसला. बीस्टनचा तो कारखाना २०११ मध्यें बंद झाला. त्याचे लेथ मात्र अजून चालू आहेत. आजोबाचा लेथ नातू चालवीत आहे, अशीं घरें तेथें कमी नाहींत.

जुन्या यंत्रांत एवढें काय असतें, असें कोणी विचारील. पहिली गोष्ट म्हणजे बीड. या धातूच्या पोटांत ग्रॅफाइटचे सूक्ष्म पापुद्रे विखुरलेले असतात; ते कंप गिळतात आणि घासणीला थोडें वंगणहि पुरवितात. दुसरी गोष्ट, जुनें यंत्र आपला दोष लपवीत नाहीं. लेथाची बैठक नेहमीं काम धरणाऱ्या टोकाजवळच अधिक झिजते, कारण बहुतेक कामें आंखूड असतात. त्यामुळें सरकता टेकू त्या ठिकाणीं सैल करावा तर कांपतो, आणि आवळावा तर दुसऱ्या टोकाला गेल्यावर अडकतो. झीज कोठें व किती आहे हें कळलें म्हणजे अर्धा इलाज झाला. उरलेला अर्धा त्या निळ्या रंगाचा व खरवडणीचा. आजहि अत्यंत सूक्ष्म यंत्रें करणारे कांहीं कारखाने शेवटचा हात खरवडणीनेंच फिरवितात.

तिसरी गोष्ट जरा गंमतीची आहे. जुने इंग्रजी लेथ इंचाच्या मापाचे; त्यांच्या मूळ स्क्रूला एका इंचांत आठ आटे असावयाचे. आपल्या देशानें १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक मापें स्वीकारलीं. मग इंचाच्या लेथावर मिलिमीटरचे आटे कापावयाचे कसे? इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि २५.४ ला पांचांनीं गुणलें कीं १२७ येतात. म्हणून १२७ दांत्यांचें एक चक्र मिळविलें आणि ४० दांत्यांच्या चक्रानें तें फिरविलें, कीं त्या आठ आट्यांच्या स्क्रूवरून बरोबर एक मिलिमीटर अंतराचे आटे निघतात. १२७ हा अविभाज्य अंक असल्यामुळें त्याला लहान करण्याची सोय नाहीं. हें मोठें, अवजड चक्रच बसवावें लागतें. दोन संस्कृतींच्या मापांचा तंटा एका लोखंडी चाकानें मिटतो. शाळेंत अविभाज्य अंक पाठ करणाऱ्या मुलाला तें चाक एकदां हातांत द्यावें. गणित कशाशीं खातात हें त्याला दुसऱ्या कोणत्याहि रीतीनें इतकें लवकर समजणार नाहीं.

आतां आपल्याकडे वळूं. आरंभ वाईट नव्हता. मुंबईच्या वाडिया घराण्यांतील अर्देशिर कर्सेटजी (१८०८-१८७७) यांनीं माझगांवच्या आपल्या बंगल्यांत आणि बागेंत १८३४ सालीं गॅसचे दिवे लावून दाखविले, ६० टनांच्या जहाजाला वाफेचें एंजिन बसविलें, आणि घराच्या आवारांत स्वतःची ओतशाळाहि चालविली. १८४१ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांना सभासद करून घेतलें. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. घरांतल्या यंत्रशाळेंतून रॉयल सोसायटीपर्यंत वाट जाते, हें एका मुंबईकरानें इतक्या लवकर दाखवून दिलें होतें.

त्यानंतर नांव घ्यावयाचें तें लक्ष्मणराव किर्लोस्करांचें. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत चित्रकला शिकावयास आले. परंतु कांहीं रंग डोळ्यांस ओळखतां येत नाहींत असें आढळल्यामुळें त्यांनीं चित्रकला सोडून यांत्रिक आलेखन धरलें, आणि पुढें व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें तें शिकविलेंहि. नोकरी सोडून त्यांनीं बेळगांवास सायकलींचें दुकान काढलें, मग कडबा कापण्याचें यंत्र केलें, आणि मग लोखंडी नांगर. लोखंडानें जमीन नासेल या शंकेमुळें पहिले नांगर खपण्यास बराच काळ लागला. बेळगांवची जागा सोडावी लागली, तेव्हां औंधचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधि, जे स्वतः चित्रकार होते, त्यांनीं आपल्या संस्थानांत जागा दिली आणि १९१० मध्यें किर्लोस्करवाडी वसली. १९४१ मध्यें म्हैसूर संस्थानांतील हरिहर येथें किर्लोस्करांचा लेथ वगैरे यंत्रें करण्याचा कारखाना निघाला, आणि हरिहरचा लेथ देशभरच्या लहान कारखान्यांतून दिसूं लागला. ज्या समाजांत मास्तरानें लोहारकाम करणें हें पाऊल घसरल्यासारखें मानीत, त्या समाजांत एका मास्तरानें हें केलें.

मग घरोघर लेथ कां आला नाहीं? कांहीं कारणें सरळ आर्थिक आहेत, आणि तीं टाळून समाजाला शिव्या देत बसणें अन्यायाचें होईल. इंग्रज कारकुनाला परसदार होतें; मुंबईच्या कारकुनाला चाळींत एक खोली. यंत्र परदेशांतून यावयाचें. त्याची किंमत आवांक्याबाहेरची. पण एवढ्यानें उत्तर पुरें होत नाहीं. कारण ज्यांना वाडे होते आणि पैसाहि होता, त्यांच्याहि ओसरीवर लेथ आला नाहीं. तेथें झोपाळा आला, ग्रामोफोन आला.

खरी गोष्ट अशी कीं, घरगुती यंत्रशाळा आपल्याकडे होत्याच. पुण्याच्या तांबट आळींत घर आणि कारखाना हे एकच होते; पिढ्यान् पिढ्या हातोडीचा नाद ऐकत तेथें मुलें मोठीं झालीं. कातारी, लोहार, कासार या सर्वांचें असेंच. परंतु त्या घरांत पुस्तक गेलें नाहीं, आणि पुस्तकाच्या घरांत हातोडी आली नाहीं. मधली भिंत जातीची होती. ती नुसती विटांची असती तर एखाद्या धक्क्यानें पडली असती. होल्टझाप्फेलच्या घराण्यानें १८४३ पासून कातकामावर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केले. आपल्या कातारी लोकांचें ज्ञान कोणी लिहून ठेवलें नाहीं, आणि त्यांना लिहितां येईल अशी तजवीजहि कोणी वेळेवर केली नाहीं. यांत त्यांचें नुकसान झालें हें उघड आहे. आपलें काय झालें तें मात्र आपल्या ध्यानांत आलेलें नाहीं. हातानें तपासून पाहिल्याशिवाय एखादें विधान खरें मानूं नये, ही जी बुद्धीची शिस्त तीन पाटे शिकवितात, ती आपल्याला केवळ वाचनानें मिळवावी लागली, आणि ती पुरती मिळाली असें धैर्यानें म्हणवत नाहीं.

१९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या. प्रत्येक गिरणीला आपलें दुरुस्तीखातें असे, आणि त्यांत असे जुने लेथ असत. अशीं यंत्रें भंगाराच्या बाजारांत वजनावर विकलीं जातात. किलोला अमुक रुपये, मग तें यंत्र एक सहस्रांश इंच पाळणारें असो कीं मोडक्या कुंपणाचें लोखंड असो. सगळींच जुनीं यंत्रें वांचवावीं असें मी म्हणत नाहीं. पुष्कळांचें आयुष्य खरोखरच संपलेलें असतें, आणि भट्टींत जाऊन नवें होणें हा लोखंडाचा धर्मच आहे. परंतु ज्यांच्या घरीं आतां एखादी रिकामी खोली आहे, गाडी ठेवावयाची जागा आहे, आणि ज्यांची मुलें पडद्यावर बोट फिरवून जग पाहतात, अशीं कुटुंबें आपल्यांत आतां पुष्कळ आहेत. १९१० मध्यें जी सबब खरी होती ती त्यांना आज सांगतां येणार नाहीं. एखादा झिजलेला लेथ घरीं आणावा. तो कसा वापरावा हें शिकविण्यासाठीं एखाद्या जुन्या फिटरला सन्मानानें घरीं बोलवावें, आणि तो आला म्हणजे त्याला ओसरीवर नव्हे, आपल्याशेजारीं बसवावें. बैठकीवर निळा रंग फासून पहिला उंचवटा उतरविला कीं पुढचें काम लेथच शिकवील.